हात मागे, तोंड बंद

माझ्या तोंडात जेवढे दात उरलेत त्या सगळ्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द अन् शब्द खरा आहे. मोठ्याने सांगते, म्हणजे पलीकडे झोपेचं सोंग घेऊन पडलेत त्यांनाही ऐकू जाईल. मागे मी चष्मा गिळणाऱ्या माशाची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे फिदीफिदी हसलात. हसा बापडे. पण ही गोष्ट जिच्या बाबतीत घडली ती माझ्या चुलत जावेची सख्खी नात. समोर बसून सांगितलीय तिने मला, आणि सांगताना तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. गार हातांनी कुणी थापा मारत नाही.

ही नात शिक्षिका व्हायला निघाली होती. तीही साध्यासुध्या मुलांची नाही. जी मुलं बोलत नाहीत, किंवा बोलली तर एकच वाक्य दिवसभर बोलतात, ज्यांना सगळ्यांच्या वाटेने शिकता येत नाही, अशांची. त्या शिक्षणात एक नियम असतो. पुस्तकं पाठ केली, परीक्षा दिली, की संपलं नाही. शेवटचं एक वर्ष एखाद्या मुरलेल्या शिक्षिकेच्या हाताखाली काढायचं. ती बसेल तिथे बसायचं, ती उठली की उठायचं, आणि वर्षाच्या शेवटी ती म्हणेल की पोर तयार झाली, तरच तुम्ही तयार. म्हणून शाळेतल्या बाकीच्यांनी या पोरीचं नाव शेपटी ठेवलं होतं. शेपटी, चहा घेतेस का. शेपटी, तुझ्या बाई कुठायत. तिला आधी राग यायचा, मग सवय झाली, मग कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघेना.

जिची ती शेपटी, त्या मोठ्या बाई. आता मोठ्या बाई म्हणजे काय प्रकरण होतं ते ऐका. दोन वर्ग सोडून पलीकडे कुणी पेन्सिल चावायला घेतली तरी त्यांना इकडे ऐकू यायचं. एकदा त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या आणि बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घाबरून टिकटिक करायला लागलं. हेडमास्तरसुद्धा त्यांच्या खोलीत शिरण्याआधी केसांवरून हात फिरवून घ्यायचे. पण पोरांच्या बाबतीत बाई लोण्याहून मऊ. एक मुलगा होता, त्याला कुणी हात लावलेला चालायचा नाही, तो दिवसातून एकदा बाईंच्या पायावर स्वतःचा बूट ठेवायचा, तेवढंच त्याचं प्रेम. बाई तो बूट हलेपर्यंत जागच्या हलत नसत. पाऊल बधिर झालं तरी.

आणि बाईंचा एक मंत्र होता. हात मागे, तोंड बंद. मूल उत्तर शोधत असताना शिक्षिकेने बोट दाखवायचं नाही, इशारा करायचा नाही, अंहं-हं करायचं नाही. हात पाठीमागे बांधायचे, ओठ मिटायचे आणि थांबायचं. नव्या पोरींना हेच जमत नाही, बाई म्हणायच्या. मदत करायची हौस फार. तुम्ही मदत केलीत की मूल तुम्हाला शिकतं, धडा शिकत नाही. शेपटीने हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि काळजावर कोरून घेतलं. घरी भाजी निवडतानासुद्धा ती हात मागे बांधायला लागली होती, तिच्या आईची तक्रार होती तशी.

त्या वर्गात एक मुलगी होती, भिंगरी. डबा म्हणू नका, बरणी म्हणू नका, ज्याला झाकण असेल ते झाकण काढून ही जमिनीवर गरगर फिरवणार आणि पोटावर पडून बघत राहणार. म्हणून भिंगरी. आठ वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. बाईंनी तिच्यासाठी चित्रांची कार्डं सुरू केली होती. टेबलावर चार कार्डं मांडायची, चमचा, बूट, पाणी, बस. आपण म्हणायचं, पाणी. तिने पाण्याचं कार्ड उचलून हातात द्यायचं. सुरुवातीला ती कार्डं चावायची. मग फेकायची. आणि मग एक दिवस तिने बरोबर कार्ड दिलं, मग पुन्हा दिलं, आणि मग देतच सुटली. कप, पलंग, साबण, दार. बाईंसमोर बरोबर, शेपटीसमोर बरोबर. हेडमास्तर येऊन बघून गेले. भिंगरीची आई बघून गेली आणि जिन्यावर बसून रडून घेतलं तिने.

आईचं रडणं उगाच नव्हतं. वरून ठरलं होतं की भिंगरीला या शाळेत ठेवायचं की नाही ते एक तपासनीस येऊन बघणार. तिला चित्रांतून सांगता येतं असं दिसलं तर ती इथेच राहील, आणि तिला चित्रं दाबून बोलायचं एक यंत्रही मिळेल. नाही दिसलं तर तिची रवानगी लांबच्या एका निवासी संस्थेत. दिवसभराचा प्रवास. आई लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, सुट्टी मागितली की मालकाचं तोंड आंबायचं. तिकडे लेकीला भेटायला जाणार कधी आणि परतणार कधी. आणि भिंगरी रात्री आईच्या दंडाला गाल लावल्याशिवाय झोपत नव्हती. हे एवढं सगळं त्या चार कार्डांवर टांगलेलं होतं.

तपासणीला दोनच दिवस उरले असताना एका दुपारी आई लेकीला न्यायला फाटकाशी आली. शेपटीने भिंगरीचा हात तिच्या हातात दिला. आईने इकडंतिकडं केलं, मनातलं काहीतरी विचारायचंय पण विचारू का नको असं, आणि मग हसत हसतच म्हणाली की ताई, घरी ही माझी फजिती करते हो. बाईंनी घरासाठी तसाच चित्रांचा बोर्ड दिलाय ना, तो भिंतीला लावलाय. काल हिला तहान लागली होती, ओठ सुकलेले मला मागाहून दिसले, पण ही बोट ठेवते बुटावर. मग साबणावर. मग बसवर. मी बूट दिले तर फेकून दिले.

शेपटी म्हणाली की घर नवीन, बोर्ड नवीन, होईल सवय.

आई म्हणाली, “तसंच असेल. पण एक सांगू का ताई? ती बोर्डाकडे बघतच नाही. बोट बोर्डावर, आणि डोळे माझ्या तोंडावर.”

शेपटी हसली, टाटा केला, आणि मागे फिरली. फाटकापासून वर्गापर्यंतची वाट ती रोज चालायची, पण त्या दिवशी मध्येच तिचे पाय थांबले. कारण एक साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली होती आणि आता बाहेर निघेना. शाळेत आपण विचारतो, पाणी दे. म्हणजे उत्तर काय ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. घरी तहान तिची तिला ठाऊक, आईला ठाऊक नसतं. शाळेत उत्तर आपल्या डोक्यात असतं. घरी ते कुणाच्याच चेहऱ्यावर नसतं.

रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली. सकाळी मोठ्या बाईंना बैठकीचं बोलावणं आलं आणि त्या वर्ग तिच्यावर सोपवून गेल्या. बाकीची मुलं मदतनीस मावशींबरोबर मातीचे गोळे वळत बसली. शेपटीने भिंगरीला टेबलाशी बसवलं. मग तिने काय केलं, की एक जाड पुठ्ठा टेबलाच्या मधोमध उभा केला, आणि कार्डं पालथी पिसून, न बघता, पुठ्ठ्याच्या पलीकडे भिंगरीच्या बाजूला मांडली. भिंगरीला चित्रं दिसतील, पण कुठलं कार्ड कुठे पडलंय ते शेपटीला दिसणार नाही. पुठ्ठ्याच्या वरून दोघींना एकमेकींचे चेहरे तेवढे दिसत होते.

“चमचा,” शेपटी म्हणाली. हात मागे, तोंड बंद.

भिंगरीचं बोट कार्डांवरून फिरायला लागलं. डोळे मात्र वर, शेपटीच्या तोंडावर. बोट फिरलं, परत फिरलं. कुठेच थांबेना. शेवटी तिने एक कार्ड उचलून दिलं. पलंग. पुन्हा विचारलं, बस आली. पुन्हा, साबण. मग भिंगरीने आपल्या मनगटाला दात लावले आणि तोंडातून बारीक कण्हल्यासारखा आवाज काढला. शेपटीने झटकन पुठ्ठा काढला. चमचा म्हटल्याबरोबर चमचा. दार म्हटल्याबरोबर दार. एकही चूक नाही.

त्या खोलीत एक आरसा होता, मुलांना ओठांच्या हालचाली दाखवायला लावतात तसला. शेपटीने टेबल ओढून असं लावलं की भिंगरीच्या डोक्यावरून स्वतःचं तोंड तिला त्यात दिसावं. आणि मग तिने ते पाहिलं. भिंगरीचं बोट चुकीच्या कार्डांवरून जात होतं तोवर आरशातली बाई दगडासारखी बसलेली. बोट बरोबर कार्डावर आलं, की त्या बाईची हनुवटी केसभर वर जात होती. केसभर म्हणजे केसभरच. तिने मुद्दाम रोखून धरली हनुवटी, तर श्वास अडकला. श्वास चालू ठेवला, तर पापण्या हलल्या. हात मागे बांधता येतात, तोंड मिटता येतं, पण आख्खा चेहरा काढून खुंटीला टांगता येत नाही ना.

पोर चित्रं वाचतच नव्हती. ती बाया वाचत होती. आणि इतकी हुशारीने, की त्या बायांना स्वतःला पत्ता नव्हता.

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या दिवशी तपासणी, आणि हातात हा निखारा. शेपटीला वाटलं, गिळून टाकावं. कुणाला कळणार होतं? तपासनीस येईल, बाई समोर बसतील, भिंगरी फटाफट कार्डं देईल, आई लेक एकत्र राहतील. एवढं पुण्य पदरात पडत असताना तोंड उघडायचं कशाला. पण मग तिला तो बोर्ड आठवायचा, आणि ओठ सुकलेली पोर, बुटावर बोट ठेवून आईच्या तोंडाकडे बघणारी. आणि उद्या सगळे म्हणणार की हिला सांगता येतं. मग तिला खरं सांगायला कोण शिकवणार? कुणीच नाही. आलेलं आहे ते शिकवतं का कुणी?

शाळा सुटल्यावर तिने बाईंना सगळं सांगितलं. बाई खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवत होत्या. पहिल्या वाक्याला त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्याला थांबल्या. आई काय म्हणाली, पुठ्ठा, आरसा, हनुवटी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तुझी हनुवटी हलते यात नवल नाही, नवीन आहेस. मी तुला दात येण्याआधीपासून हे काम करते.

वर्षाच्या शेवटी ही पोर तयार झाली की नाही ते याच बाई सांगणार होत्या. तरी शेपटी बोलली.

“बाई, तुमचा चष्मा.”

“काय झालं माझ्या चष्म्याला?”

“बरोबर कार्डावर तिचं बोट आलं की तुमच्या नाकपुड्या फुलतात. चष्मा किंचित वर सरकतो. मी आजच नाही, आधीपासून बघतेय. मला वाटायचं, तुमची लकब आहे.”

खोलीत असं शांत झालं, की मघाचं ते घड्याळ परत बंद पडलं म्हणतात. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, जसं काही त्यानेच चहाडी केलीय. मग परत घातला. त्या ओरडल्या असत्या तर शेपटीला बरं वाटलं असतं. त्या हळू बोलल्या. म्हणाल्या की त्या संस्थेत मी एकदा जाऊन आलेय. वाईट लोक नाहीत ते. पण तिथे एका बाईमागे एवढी मुलं असतात, की कुणाच्या तोंडाकडे बघायला कुणाला उसंत नाही. तुझं खरं असलं ना, तर उद्या ते खरंच तिला तिकडे पाठवेल. कळतंय तुला?

शेपटी म्हणाली की कळतंय.

“मग उद्या तू मागे बसायचंस. हात मागे,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्याच नाहीत. पर्स उचलून निघून गेल्या. उरलेल्या खुर्च्या शेपटीने चढवल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. तुम्हाला वाटेल, मोठा दुष्ट माणूस असेल. तसं काही नव्हतं. सर्दी झालेला, दमलेला, बायकोने विणलेला स्वेटर घातलेला माणूस होता. फक्त भुवया जबर. दोन केसाळ सुरवंट कपाळावर आणून बसवावेत तशा. त्यांनी हसून सगळ्यांना नमस्कार केला, भिंगरीला चॉकलेट दाखवलं, तिने त्याच्या कागदाचं झाकण करून फिरवता येतं का बघितलं. दाराशी एका लहानग्या खुर्चीत भिंगरीची आई बसली होती, गुडघे हनुवटीला लागलेले, इस्त्रीने भाजलेली बोटं एकमेकांत गुंतवून. बाकीची मुलं अंगणात नेली होती. शेपटी मागच्या भिंतीशी.

मोठ्या बाई भिंगरीच्या समोर बसल्या. चार कार्डं मांडली. तपासनीस बाजूला बसून म्हणाले की मी सांगेन ते विचारा. बस विचारा. बाईंनी विचारलं. बोट फिरलं, थांबलं, बस हातात आली. साबण. साबण आला. शेपटीची नजर चष्म्यावर खिळली होती. सरकत होता. प्रत्येक वेळी, मुंगीने ढकलल्यासारखा, सरकत होता. दारापाशी आईचा श्वास मोठा होत चालला. पलंग. पलंगही आला. तपासनीसांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण दाताने उघडलं.

मोठ्या बाईंनी मान वळवली आणि शेपटीकडे बघितलं. शेपटीने सांगितलंय मला, की इतकी लांब नजर तिने जन्मात बघितली नाही. तिला वाटलं, बाई म्हणतायत, गप्प बस. पुढच्या क्षणाला वाटलं, बाई विचारतायत, आत्ता हलला का? शेपटीने काही केलं नाही. हात मागे होते, तोंड बंद होतं. पण डोळ्यांत पाणी आलं, ते काही तिच्या हातात नव्हतं. आणि चेहरे वाचायला काही भिंगरीच पाहिजे असं नाही.

बाई परत भिंगरीकडे वळल्या. पुढचं कार्ड विचारलं, चमचा. आणि डोळे मिटून घेतले. चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि तोंडावर हाताचे दोन्ही पंजे झाकून घेतले.

भिंगरीचं बोट कार्डांवर अधांतरी राहिलं. ती खुर्चीतून उठली, टेबलावर पोटाने रेलली, आणि बाईंची बोटं एकेक करून सोलायला लागली, केळं सोलावं तशी. बाईंनी सोलू दिली नाहीत. मग भिंगरीने मान फिरवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि तपासनीस साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे टक लावून. हात मागे लांब करून, न बघता, कार्डांवरून बोट फिरवायला लागली. साबण. बस. चमचा. चमच्यावर बोट आलं आणि साहेबांचे ते दोन सुरवंट टुणकन वर उडाले. चमचा साहेबांच्या हातात.

साहेब खूश. म्हणाले की वा, अनोळखी माणसालाही देते की ही, फारच छान.

आई तोंडावर हात धरून हसत होती आणि रडत होती. शेपटीने तिच्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, आता जीभ चावून मरावं, पण बोलू नये. आणि ती बोलली.

“साहेब, तुम्हीही डोळे मिटा.”

साहेबांना समजेना. शेपटीने सांगितलं, सगळं. आई, बोर्ड, पुठ्ठा, आरसा, तुमच्या भुवया. साहेबांनी भुवईला हात लावून बघितला. आईचं हसू तोंडावरच विझलं, आणि तिने शेपटीकडे अशी नजर टाकली की आजही ती आठवली की शेपटीला झोप लागत नाही. मोठ्या बाई पंज्यांआडून म्हणाल्या की ती बरोबर सांगतेय साहेब, मिटा डोळे. आईनेही मिटायचे. सगळ्यांनी.

झालं. चार मोठी माणसं दिवसाढवळ्या डोळे मिटून बसली. त्या वेळी कुणी दारातून डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, आंधळी कोशिंबीर चाललीय आणि राज्य सगळ्यांवरच आलंय. चमच्याची गोष्ट तर संपलेली होती. पुढे काय विचारायचं ते कुणी बोललंच नाही, सुचलंच नाही कुणाला. कुणाच्या डोक्यात कुठलंही कार्ड नव्हतं. नुसता अंधार आणि साहेबांच्या चोंदलेल्या नाकाचा आवाज.

मग पावलं ऐकू आली. टेबलाला कुणीतरी धडकलं. कार्डं जमिनीवर पडली. मनगट चावतानाचं ते कण्हणं सुरू झालं आणि आईच्या खुर्चीने कर्र केलं, पण आई उठली नाही. कण्हणं लांबलं, मग बारीक झालं. पावलं भिंतीकडे गेली. थांबली. फार वेळ थांबली. काहीतरी चिकटवलेलं ओढून काढल्याचा आवाज झाला. पावलं परत आली.

साहेब म्हणाले की माझ्या हातात काहीतरी दिलंय, उघडू का डोळे?

त्यांच्या हातात एक लाल कार्ड होतं. आडवा पंजा काढलेलं. पुरे, असा त्याचा अर्थ. प्रत्येक तासाच्या शेवटी मोठ्या बाई ते भिंतीवरून काढून सगळ्या वर्गाला दाखवायच्या आणि मुलं धडपडत बाहेर पळायची. भिंगरीने ते कधी हातातही घेतलेलं नव्हतं. ते कुणी मागितलेलं नव्हतं. ते कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हतं, कारण सगळे चेहरे बंद होते.

“पुरे,” मोठ्या बाई म्हणाल्या. उठल्या, टेबलावरची उरलेली कार्डं गोळा केली, खुर्ची सरकवली. भिंगरीने एक मोठा श्वास सोडला, मनगट तोंडातून काढलं, कोपऱ्यात जाऊन पोटावर पडली आणि बरणीचं झाकण फिरवायला लागली. तिला दुसरं काही हवं असतं, तर तिने खोली डोक्यावर घेतली असती. तिला हेच हवं होतं. त्या सगळ्यांचा तिला कंटाळा आला होता, आणि ते तिने स्पष्ट सांगितलं होतं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग म्हणाले की माझी पंचाईत करून ठेवलीत तुम्ही. बरोबर दिलेली कार्डं खोटी, आणि न मागितलेलं एक कार्ड खरं. हे मी वर सांगू कसं? मोठ्या बाई म्हणाल्या की जसं घडलं तसं सांगा. साहेब म्हणाले की एका कार्डावर मी तिला सांगता येतं असं म्हणू शकत नाही. यंत्र मिळणार नाही. आईने मान खाली घातली. साहेबांनी नाक शिंकरलं, बराच वेळ शिंकरलं, आणि म्हणाले की पण सांगता येत नाही असंही आता मला म्हणता येणार नाही. पुढच्या सत्रापर्यंत ती इथेच राहील. मी परत येईन, आणि येताना काळा चष्मा आणि तोंड झाकायचा मफलर घेऊन येईन, आणि पुठ्ठ्याच्या आडून मला निदान पाच-सहा कार्डं हवीत. तिने स्वतःहून दिलेली. नाही मिळाली तर मी काही करू शकणार नाही.

आई लेकीजवळ जाऊन जमिनीवर बसली. शेपटीशी ती बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही. भिंगरीला फाटकाशी घ्यायला यायची, हात धरायची, आणि निघून जायची. मग एकदा, नुसतं जाता जाता, मागे न बघता म्हणाली की काल पाण्यावर बोट ठेवलं तिने, मी तोंड फिरवून बसले होते.

त्या दिवशी तपासनीस आणि मायलेकी गेल्यावर खोलीत दोघीच उरल्या. शेपटी खाली पडलेली कार्डं वेचत होती. मोठ्या बाई तिच्याजवळ आल्या, गुडघ्यांवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “चुकलं गं माझं. तू नसतीस तर मी आयुष्यभर माझंच तोंड शिकवत राहिले असते.” आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

बरं, बरं. बघू नका असं माझ्याकडे. हे शेवटचं मी घातलंय पदरचं. मोठ्या बाईंनी माफी मागितली नाही, आणि त्या रडल्या तर मुळीच नाहीत. शेपटी सांगते की त्या म्हणाल्या, ते साबणाचं कार्ड कपाटाखाली गेलंय बघ, आणि पर्स उचलून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंगरीकडे पाठ करून मांडली, आणि शेपटीला म्हणाल्या की तू माझ्यासमोर बस, आणि माझी मान मागे वळली की सांग. न लाजता सांग. शेपटीने त्या एका तासात इतक्यांदा सांगितलं, की शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, पुरे.